रहिवाशांचे समाधान झाल्यावर

४ जानेवारी

मामा आणि मामी,

फोनच केला असता, पण मामांचा नियम ठाऊक आहे. फोनवर बोललेलं मागाहून नाकारता येतं, म्हणून कामाचं बोलणं कागदावर. तेव्हा घ्या कागद.

आमच्या रस्ते खात्याचं एक जाडजूड पुस्तक आहे. कुठला रस्ता कसा झाला पाहिजे ते त्यात लिहिलेलं असतं. त्यात एक नवीन प्रकरण घालायचं ठरलंय आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मोठ्या साहेबांनी स्वतः बोलावून सांगितलं. मी हो म्हणाले, जागेवर आले आणि दोन ग्लास पाणी प्यायले.

प्रकरण आहे जुन्या डांबरी रस्त्याचा जागच्या जागी, थंडच, पुन्हा वापर कसा करायचा ह्याचं. मामांनी नाक मुरडायच्या आत सोपं करून सांगते. एक लांबलचक यंत्र जुन्या रस्त्याचा वरचा चार बोटं जाडीचा थर खरवडतं, तिथेच त्याचा चुरा करतं, त्यात इमल्शन म्हणजे पाण्यात घोटलेलं डांबर मिसळतं आणि मागच्या अंगाने तोच माल पुन्हा अंथरतं. मग रोलर फिरतो. भट्टी नाही, धूर नाही, खडी आणायला आणि राडारोडा न्यायला ट्रकच्या रांगा नाहीत. काही दिवस वाळू द्यायचं, वरून एक पातळ नवा थर द्यायचा, की झाला रस्ता.

आणि पहिला प्रयोग तुमच्या घरासमोरच्या रस्त्यावर होणार आहे. मी वशिला लावलेला नाही. रस्ता तपासणाऱ्यांनी निवडला, मला मागून कळलं.

प्रयोग टिकला तर माझं प्रकरण पुस्तकात. फसला तर प्रकरण केराच्या टोपलीत आणि मी फलक विभागात, 'पुढे वळण आहे'च्या पाट्या रंगवून घ्यायला. साहेबांनी हे हसत सांगितलं, पण आमचे साहेब उगाच हसत नाहीत.

रहिवाशांना हरकत घ्यायला फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मुदत आहे. तुमच्याकडून कोण हरकत घेणार म्हणा.

तुमची,
भुणभुण


११ जानेवारी

चि. भुणभुण हिस,

तुझे पत्र पोचले. अभिनंदन. अभिनंदन येथे संपले, आता मुद्द्याकडे वळतो.

आमच्या मागच्या गल्लीला गेल्या वर्षी कोरा करकरीत काळा रस्ता मिळाला. तेव्हापासून त्या गल्लीतले लोक भाजी आणायला जातानासुद्धा मान ताठ ठेवून चालतात. आणि आम्हाला काय, तर आमचाच जुना रस्ता दळून परत. उरलेले अन्न पाहुण्याला वाढायची वेळ आली तर माणूस ते निदान गरम करतो. तुमचे खाते तेवढीही तसदी घेणार नाही, थंडच वाढणार.

रहिवाशांत थोडी कुजबुज आहे. मी त्यात पडलेलो नाही. वाहन परवाना तपासनीस म्हणून मी सारी नोकरी केली, त्यामुळे कोणाचीही बाजू न घेणे माझ्या अंगात मुरलेले आहे. तू मन लावून लिही. हस्ताक्षर मात्र सुधार.

तुझा मामा

भुणे, पाकीट चिकटवायला माझ्या हातात आलंय म्हणून चार ओळी घुसडते. कुजबुज वगैरे काही नाही. चांगला ठसठशीत हरकतीचा अर्ज आहे आणि तो ह्यांच्याच अक्षरात आहे. रहिवासी समितीचे अध्यक्ष हेच, अर्ज वाचून दाखवणारेही हेच आणि शेवटी टाळ्या वाजवायला सुरुवात करणारेही हेच. माझी सही मागितली तर म्हटलं, मी भाचीच्या बाजूची. त्यावर म्हणाले, भाची माझी आहे, तू मधे पडू नकोस.

दुसरं म्हणजे मी गाडी शिकतेय. ह्या वयात कशाला, असं तू तरी विचारू नकोस. ते विचारायला घरात एक माणूस नेमलेला आहे. शिकवणारेही तेच.

मामी


१८ जानेवारी

मामा,

तुमच्या गल्लीतली कुजबुज फार सुवाच्य अक्षरात चालते असं कळलं. कोणाकडून ते सांगत नाही.

तुम्हाला वाटतंय तुमच्या रस्त्याचा अपमान झालाय. उलट आहे. माझ्या प्रकरणाचं पहिलं पानच मुळी कुठला रस्ता घ्यायचा नाही ह्याबद्दल आहे. ज्याच्या खालची माती खचलीय तो नको. ज्यात पाणी मुरतं तो नको. ज्याला ठिगळावर ठिगळं लावलीत तो नको, कारण प्रत्येक ठिगळाचा माल वेगळा आणि दळल्यावर काय निघेल ते कोणालाच सांगता येत नाही. तुमच्या रस्त्यातून नळीने कापून गोल तुकडे काढले तेव्हा आमची प्रयोगशाळा खूश झाली. वरून म्हाताऱ्यासारख्या सुरकुत्या, आतून ठणठणीत. तुमच्यासारखाच. दोन तुकडे साहेबांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेत. मागच्या गल्लीच्या रस्त्याला अजून हा मान मिळालेला नाही.

माझं डोकं वेगळ्याच कारणाने उठलंय. साहेबांचं म्हणणं, ठेकेदाराला बारीकसारीक सगळं लिहून द्यायचं. यंत्र किती वेगाने चालवायचं, इमल्शन किती, पाणी किती, कुठला रोलर आधी, कुठला मागून, तो किती वेळा न्यायचा आणि किती वेळा आणायचा. आणि हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी आणखी लिहायचं की रस्ता अमुक इतका घट्ट झालाच पाहिजे. मी तसं लिहून ठेकेदाराला दाखवलं. तो हसला. म्हणाला, बाई, असंच राहू द्या, फार छान आहे. ठेकेदार खूश झाला की मला संशय येतो. कुठेतरी चुकतंय, पण कुठे ते सापडत नाही. साहेबांना 'चुकतंय' एवढंच जाऊन सांगता येत नाही.

कच्ची प्रत सोबत पाठवतेय. वाचा, आणि अर्ज मागे घ्या. माझी पहिलीच संधी आहे, मामा.

भुणभुण


२७ जानेवारी

चि. भुणभुण हिस,

तुझी प्रत लाल पेन घेऊन वाचली. शुद्धलेखन ठीक. समासात सुधारणा केल्या आहेत. तू लिहिलेस, हवा थंडगार असताना किंवा पावसाची चिन्हे असताना काम करू नये. चिन्हे म्हणजे कोणाला दिसलेली? मला पावसाची चिन्हे नेहमीच दिसतात. तू लिहिलेस, फार मोठे खडे नसावेत, सगळा चुरा ठरलेल्या चाळणीतून खाली पडावा. हे आवडले. चाळणी कोणाच्या ओळखीची नसते.

अर्जाबाबत समितीत फेरविचार चालू आहे. घाई करू नकोस.

इकडे बाकी सर्व ठीक. आपल्या फाटकाचा डावा खांब बरेच दिवस कलला होता, तो अखेर पडला. त्या वेळी योगायोगाने गाडी जवळच होती.

तुझा मामा

भुणे, योगायोग तो नव्हे. गाडी बाहेर काढायची होती. हे शेजारी बसून सांगत होते, क्लच दाब, आता सोड, हळू, डावीकडे, आणखी डावीकडे, मी सांगतोय ना, आणखी. मला समोर खांब दिसत होता. पण तपासनीस साहेब सांगताहेत म्हटल्यावर मी कशाला शहाणपण करू? सांगितलं तेवढं डावीकडे घेतलं. खांब आडवा. मग हे मला विचारतात, हे काय केलंस? मी म्हटलं, सांगितलं ते केलं. चाक माझ्या हातात होतं, पण गाडी तुम्हीच चालवत होता. ह्यावर ते उतरून खांबाच्या विटा गोळा करायला लागले. आमच्या संसारात असं पहिल्यांदाच झालं.

आता मी त्यांना सांगितलंय, शेजारी बसायचं तर तोंड मिटून. कुठे पोचायचं ते सांगा, कसं ते मी बघेन.

मामी


५ फेब्रुवारी

मामी (आणि मामा),

तुझ्या पडलेल्या खांबाने माझं प्रकरण उभं राहिलं. पत्र हातात घेऊन तशीच साहेबांच्या खोलीत गेले आणि त्यांना खांबाची गोष्ट सांगितली. म्हटलं, आपण ठेकेदाराला रोलर कसा फिरवायचा हेही सांगतोय आणि रस्ता घट्ट झाला नाही तर त्याला धरणार असंही म्हणतोय. तो हात वर करून म्हणेल, साहेब, सांगितलं ते केलं. म्हणून तर तो हसत होता.

साहेबांनी तुमच्या रस्त्याचा तुकडा बाजूला करून खालची माझी प्रत ओढली. मग म्हणाले, काढा ती कलमं.

मी धडाधड काढली. आता प्रकरण निम्मं झालंय. यंत्र कुठलं आणि रोलर किती, ते ठेकेदाराचं तो बघेल. आधी एक लहान पट्टा करून दाखवायचा. त्यावर रोलर फिरवत राहायचं, आणखी फिरवून घट्टपणा वाढत नाही असं दिसलं की तेच पुढच्या सगळ्या रस्त्याचं माप. आम्ही फक्त मोजणार. चुरा किती बारीक, थर किती जाड, किती घट्ट, आणि वरचा थर द्यायच्या आधी ओलावा किती उरला. सगळ्याला आकडा आहे, कुणाच्या मर्जीचा प्रश्नच नाही.

साहेबांनी दोन अटी घातल्या. खालचा रस्ता झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत वरचा थर पडला नाही तर प्रयोग फसला असं धरायचं. आणि काम चालू असताना मी तिकडे फिरकायचं नाही. लिहिणारा शेजारी उभा राहून समजावून सांगणार असेल तर लिहिलं कशाला, असं त्यांचं म्हणणं. कागदाने स्वतः बोललं पाहिजे.

आता मामांसाठी. तुमच्या समितीचा मान राखायला मी एक वाक्य घातलंय: 'रस्ता रहिवाशांचे समाधान झाल्यावर वाहतुकीस खुला करावा.' साहेबांनी विचारलं, समाधान कशाने मोजणार? मी म्हटलं, ते नुसतं गोड बोलणं आहे, तिथे माझे मामाच आहेत. आता तरी अर्ज मागे घ्याल?

भुणभुण


१३ फेब्रुवारी

चि. भुणभुण हिस,

अर्ज मागे घेतला आहे. तुझे ते वाक्य मी समितीपुढे दोनदा वाचले. सरकारी कागदात इतके सुंदर वाक्य मी क्वचित पाहिले. समाधान झाले की नाही हे ठरवण्याची जबाबदारी समितीने एकमताने माझ्यावर सोपवली आहे. मी ती स्वीकारली.

तुझा मामा

अगं बाई, काय करून बसलीस हे? ह्या माणसाने आख्ख्या नोकरीत पहिल्या फेरीला एकालाही पास केलेलं नाही. लग्नाआधी मी ह्यांना सरळ विचारलं होतं, मी पसंत आहे ना? म्हणाले, विचार करून सांगतो. अजून विचार चालू आहे. त्या वाक्याचं काहीतरी कर.

मामी


१९ फेब्रुवारी

मामी,

उशीर झाला. छापून गेलं, ठेकेदाराची सही झाली. पण तू उगाच काळजी करतेस. स्वतःच्या भाचीचं काम आहे, मामा थोडंच अडवणार?

भुणभुण


१२ मार्च

चि. भुणभुण हिस,

रस्ता परवा, दहा तारखेस, झाला. यंत्राची आगगाडी सकाळी आमच्या दारावरून गेली. पुढून जुना रस्ता आत, मागून नवा बाहेर. समितीच्या सदस्यांनी खुर्च्या टाकून पाहिले. वास नाही, धूर नाही, हे मान्य करावे लागेल. शेजारचे दातांचे डॉक्टर तर म्हणाले की एवढे खरवडून इतके नीट भरणे त्यांनाही जमत नाही. रोलरचा माणूस किती फेऱ्या मारतो ते मी मोजणार होतो, पण तुझ्या कागदात आकडाच नाही, म्हणून नुसता बघत बसलो. तपासनिसाला ही शिक्षाच आहे.

काल सकाळी पहिली तपासणी केली. निकाल: नापास. कारण: टाचेने घासल्यावर एक खडा सुटला. सबब रस्ता दोन्ही टोकांना दोर बांधून बंद ठेवण्यात आला आहे. मी राखणीला बसतो.

फोन करू नयेस. उमेदवाराने तपासनिसाला फोन करायचा नसतो.

तुझा मामा

एक खडा सुटला, हे खरं. पण तो सुटेपर्यंत हे एकाच जागी टाच घासत होते. बुटाची टाच आधी सुटली, खडा नंतर. डॉक्टर गाडी टोकाला ठेवून स्वतःच्याच घरी पायी येतात आणि त्यांचे पेशंट गाल धरून दोराखालून वाकून जातात.

मामी


१५ मार्च

मामा,

हे पत्र भाची लिहीत नाहीय, रस्ते खात्याची कनिष्ठ अभियंता लिहितेय. रस्त्यातून काढलेले नमुने आले. घट्टपणा हवा त्याहून जास्त. थराची जाडी बरोबर. ओलावा उतरत चाललाय, चार दिवसांत ठरलेल्या आकड्याच्या खाली जाईल. मग वरचा थर टाकायचा. त्यासाठी मालाचे ट्रक आत आले पाहिजेत. ट्रक आत यायला रस्ता खुला पाहिजे. रस्ता खुला व्हायला तुमचं समाधान पाहिजे.

ते चोवीस तारखेपर्यंत झालं नाही तर प्रयोग फसला. रस्ता चांगला असून फसला. साहेबांना विचारलं, ते वाक्य मधून काढता येईल का. ते म्हणाले, कागदाने स्वतः बोलायचं ठरलं होतं ना, आता त्याला बोलू द्या. फलक विभागातल्या बाईंनी मला काल रंगांचे नमुने दाखवले. पिवळ्यात तीन छटा असतात, मामा.

समाधान नक्की कशाने होईल एवढं तरी कळवा, म्हणजे मी ते करून आणते.

आता भाची लिहितेय: मामा, प्लीज.

भुणभुण


१८ मार्च

चि. भुणभुण हिस,

तुझे पत्र पोचले. दुसरी तपासणी आज केली. निकाल: नापास. कारण लिहायला बसलो तर नीट सापडेना. वाकून पाहिले, आडवे झोपून पाहिले, गोट्या सोडून पाहिल्या. रस्ता सरळ आहे. खडे धरून आहेत. तरी सही करायला हात उचलत नाही.

तुला खरे सांगतो. तुझे वडील, म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, परवान्यासाठी माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना तीन वेळा नापास केले. ते चांगली गाडी चालवत होते. पण कोणी म्हणू नये की मेहुण्याला सोडला. बहीण वर्षभर माझ्याशी बोलली नाही. आता तुझा रस्ता पास केला तर लोक म्हणणार, भाचीचा म्हणून केला. मग तुझ्या प्रकरणाला पुस्तकात जागा मिळूनही मान मिळणार नाही. आणि नापास केला तर तू पाट्या रंगवणार. दोन्हीकडून माझी झोप उडाली आहे. दोराशेजारच्या खुर्चीत बसलो की वाटते, सगळे आयुष्य दुसऱ्यांना 'पुन्हा या' म्हणत घालवले की काय.

पुन्हा तपासणी करीन. अधिक काय लिहू.

तुझा मामा

ह्या वेळी मी काही घुसडत नाही. वर लिहिलंय ते सगळं खरं आहे.

मामी


२० मार्च

मामी,

हे पाकीट मुद्दाम तुझ्या नावाने. मामांचं पत्र वाचून मी दुपारभर प्रयोगशाळेत बसले, तिथे डोळे लाल झाले तरी कोणी विचारत नाही. त्यांच्यावर रागावताही येत नाही आता.

एकच गोष्ट सांगते. थंड रस्ता कच्चा राहिला असेल तर तो उभ्या गाडीचं चाक जागच्या जागी वळवलं की उघडा पडतो. खडे करकर सुटतात. करकचून ब्रेक लावला तरी सुटतात. टाचेने नव्हे, चाकाने कळतं. मी हे प्रकरणात लिहायला हवं होतं आणि त्याच्या जागी ते गोड वाक्य लिहिलं. चोवीस तारखेला साहेब स्वतः येणार आहेत. मला यायची बंदी आहे. तू तिथे आहेस एवढाच धीर.

भुणभुण


२५ मार्च

भुणे,

तुला कालच तार आल्यासारखी बातमी मिळाली असेल ऑफिसात. पण नीट कोणी सांगितली नसणार, म्हणून बसलेय लिहायला. हे आत झोपलेत, घोरण्याचा आवाज इथपर्यंत येतोय. आठवड्यानंतर पहिल्यांदा.

काल सकाळी वरच्या थराचा माल घेऊन ट्रक येऊन गल्लीच्या टोकाला थांबले. ठेकेदार घड्याळ बघत होता. तुझे साहेब आले, तेही गाडी तिकडे ठेवून चालत, कारण ह्यांनी दोर सोडला नाही. बुटके आहेत की गं अगदी, तुझ्या पत्रांवरून मला फार उंच वाटले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, तुमचं समाधान कशाने होईल? हे म्हणाले, ते झालं की कळतं. साहेबांनी मान डोलवली आणि खिशातून पेन काढलं. प्रयोग फसला असं लिहिणार, हे मला दिसलं.

मी आत जाऊन गाडीची किल्ली घेतली. फाटकातून गाडी बाहेर काढणं आता सोपं झालंय, खांब एकच राहिलाय. आपलं फाटक कोपऱ्यावर, दोराच्या बाहेर उघडतं, तेव्हा सरळ दोराला गाडी टेकवून उभी केली. हे ताडकन उठले. म्हणाले, उतर, तुझ्याकडे परवाना नाही. मी म्हटलं, शिकाऊ आहे. शिकाऊ माणसाच्या शेजारी परवानावाला बसवायचा असतो, नियम तुमचाच, तेव्हा बसा.

नियम म्हटल्यावर ह्यांचा नाइलाज होतो. दोर सोडला आणि येऊन बसले. मी म्हटलं, एक शब्द बोललात तर तो तुमच्या नावावर.

मग मी घेतली गं गाडी. त्या रस्त्याच्या मधोमध आठ काढला, एकदा सरळ आणि एकदा उलटा. करकचून ब्रेक लावले, डॉक्टर गच्चीवरून बघत होते ते आत पळाले. मग गाडी थांबवली आणि उभ्या जागी चाक इकडून तिकडे, तिकडून इकडे, हात दुखेपर्यंत वळवलं. हे शेजारी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसले होते. घामाघूम.

उतरल्यावर हे गुडघ्यांवर बसले आणि भिंग घेऊन चाकांखालचा रस्ता तपासायला लागले. एका ठिकाणी थांबले, बोटाने काहीतरी उचललं. ठेकेदाराने कपाळाला हात लावला. ह्यांनी ते उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाले, हा आपल्या खांबाचा तुकडा आहे. टायरमध्ये अडकला होता.

मग उठून साहेबांसमोर उभे राहिले. कपडे झटकले. विचारलं, "रस्त्याचं प्रकरण लिहिणारी मुलगी माझी भाची आहे, हे आपल्याला माहीत आहे का?"

साहेब म्हणाले, "माहीत आहे. मी तरुणपणी गाडीच्या परीक्षेला तुमच्याकडेच आलो होतो. दोनदा नापास केलंत. तुम्ही पास म्हणालात तर खात्यात कोणाची जीभ उचलणार नाही."

ह्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "पास." इतकं हळू म्हणाले की ठेकेदाराला ऐकू गेलं नाही, त्याला पुन्हा सांगावं लागलं.

साहेबांनी आमच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिथल्या तिथे तुझं गोड वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं की रस्ता खुला करण्याआधी त्यावर गाडी उभी करून चाक जागच्या जागी वळवावं, ब्रेक लावून पाहावेत, आणि खडे सुटता कामा नयेत. खाली सही केली. प्रकरण पुस्तकात गेलं, असं मला स्पष्ट सांगितलं आणि तुला कळवायला सांगितलं. म्हणून कळवतेय. मी विचारलं, आणि माझं काय, मी पास का? ह्यांनी सांगितलं, आठ जरा लांबट होता. पुन्हा या.

आता जे सांगायला बसले ते सांगते. ठेकेदार ट्रक आत घ्यायला निघाला तर हे म्हणाले, पाच मिनिटं थांबा. मला वाटलं, आली आणखी एक तपासणी. ह्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले आणि अनवाणी चालत निघाले. रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. अगदी सावकाश. तिकडून परत. ट्रकवाले इंजिन बंद करून बघत राहिले. परत आल्यावर मी हळूच विचारलं, हे काय? तर म्हणाले, वरचा थर पडला की पोरीने केलेलं सगळं झाकलं जाणार. पुन्हा कोणाला दिसायचं नाही.

डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, डांबराची वाफ लागली. तुझा रस्ता थंड, आणि ट्रकांची ताडपत्री अजून उघडलीही नव्हती. त्यांनाही हे ठाऊक होतं आणि मलाही. मी पदर पुढे केला आणि त्यांनी डोळे पुसले.

तुझी,
मामी